भात्यावरचं पान

ओबरहाइन, २ डिसेंबर १८८७

ती. लेबेरेश्टदादास,
ओटिलीचा सा. न. वि. वि. सगळी सुखरूप. नाताळचा हंस माजलाय.

बातमी अशी की, चर्चमधल्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडलाय का, ते बघायला मी चढले. घडीवर जुन्या चामड्याच्या पानाचं ठिगळ, आणि त्यावर तुझ्या त्या जुन्या हस्तलिखित काव्यातली कोळ्याच्या पायांसारखी अक्षरं! गेरमुंट हे नाव तीनदा आहे. दर सुट्टीत त्याची पानं माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरतोस, मग मला ओळखायला नको? एकोणीस वर्षं त्या काव्याचं हरवलेलं शेवटचं पान मठामठांतून हुडकलंस. काखेत कळसा!

पण हात लावायचा नाही. ठिगळ निघालं तर भाता फुटेल. ह्यांचं ऑर्गनवरचं हे चाळिसावं नाताळ, आणि जिना चढताना हल्ली धाप लागते. ह्यांनी वाजवणं सोडलं की ऑर्गन मोडून नवा आणायचा, असं गावाने ठरवलंय.

लोभ बहिणीवर असावा, भात्यावर नको.
ओटिली

नाउम्बुर्ग, ५ डिसेंबर

चि. ओटिलीस अ. आ.

लॅटिनच्या तासाला पत्र वाचलं आणि पोरांना सोडून दिलं. हेडमास्तर अजून कारण विचारताहेत. युद्धावरून परतलेल्या गेरमुंटला बायको घरात घेते की हाकलते, असं पोरं दरवर्षी विचारतात आणि मी खोकतो. आता खोकणार नाही. पातळ सुरी आणि स्पंज घेऊन येतोय. एक नाताळ नुसत्या गळ्याने गा. भावोजींना मी समजावतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
लेबेरेश्ट

ओबरहाइन, २७ डिसेंबर

ती. दादास सा. न.

न जेवताच पळालास! भाता तुडवणारा कॉनराड तापाने पडला म्हणून तुला उभं केलं, ही माझीच चूक. तिसऱ्या गीतात ऑर्गनने आचके दिले. नाउम्बुर्गच्या मास्तरांना चक्कर आली का, असं गाव तुझ्याबद्दल विचारतंय. हे म्हणाले, मला वाटलं माझाच श्वास गेला. सुरीची पिशवी इथेच आहे, गाठही सुटलेली नाही. झालं काय?

तुझी काळजीत, ओटिली

नाउम्बुर्ग, ३० डिसेंबर

चि. ओटिलीस अ. आ.

चक्कर नाही, लबाडी. पायाखालची पावडी दाबली की भाता उघडतो, घडीतल्या ओळी दिसतात. सोडली की मिटतो, आणि तेव्हाच ऑर्गनला हवा मिळते. मी दाबूनच धरली आणि वाचत राहिलो. मग वाकून पाहिलं. भावोजी पांढरेफटक, दोन्ही हात पट्ट्यांवर, माझ्या पायाची वाट बघत होते. मला माझी फार लाज वाटली. पिशवी उघडवेना.

गेरमुंटची बायको दार उघडते, एवढं कळलं. काय म्हणते ते पाठच्या बाजूला, सरसाने चिकटलेलं. ऑर्गन मोडतील तेव्हाच दिसेल. पुस्तक छापायला देतोय, शेवटी चार ओळींची जागा सोडून. पोरं विचारतील, मी खोकेन.

भावोजींना म्हणावं, जिना सावकाश चढा. ती जागा पुष्कळ वर्षं कोरी राहू दे.

तुझा दादा, लेबेरेश्ट