भिमीचं शिफारसपत्र

शहापूर,
शनिवार, १७ जून २००६

चि. भिमी हिस,

वाल्मिक सरांचा आशीर्वाद. हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला. पत्र वाचून झाल्यावर तो ठेवायचा की परत पाठवायचा, ते तू ठरव.

आमच्याकडे सगळं बरं आहे. मालूचे गुडघे धरलेत, पण बाजार काही ती सोडत नाही. परवा शेवळांच्या दोन जुड्या घेऊन आली आणि त्या भाजीत घालायची काकडं विसरली. आल्या पावली परत गेली. जाताना म्हणाली, "भिमीला कळलं तर हसंल मला." जैतूरावांच्या पायाचं प्लास्टर निघालं का? आवणीच्या आत पाय जमिनीला लागला तर बरं, नाहीतर शाळा सांभाळून नवऱ्याच्या जागी भात लावायला चिखलातही तुलाच उतरावं लागेल.

मी ऑक्टोबरात कॉलेजातून रिटायर होतोय. कपाटं रिकामी करायला घेतली आहेत. वाळवलेल्या झाडांच्या फायली निघाल्या, त्यातल्या निम्म्यांवर तुझं अक्षर आहे. नव्या प्रियांका मॅडम म्हणाल्या, सर, टाकू नका, मला द्या. बाई हुशार आहे आणि मुख्य म्हणजे मुलांचं लिहिलेलं वाचते. तिचं नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

फोनवर बोलता आलं असतं, पण तुमच्या गावात रेंज मिळत नाही अशी सबब मी स्वतःला दिली. खरं म्हणजे तुझा आवाज ऐकून मला हे बोलता आलं नसतं.

मंगळवारी विठूची दामिनी आली होती. तुझी भाची तुझ्यासारखीच दारात उभी राहते, ये म्हटल्याशिवाय आत येत नाही. एम.एस्सी. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली हे तिने मला पेढा हातात ठेवल्यावर सांगितलं. मग पिशवीतून फॉर्म काढला. मुंबईची तीच संस्था, संशोधनाची तीच फेलोशिप, जिला पंच्याण्णव साली तू अर्ज केला होतास. विषयसुद्धा तुझाच घेतलाय पोरीने. दोन शिफारसपत्रं लागतात. एक तिच्या विभागाचं मिळालंय, दुसरं तिचं रानातलं काम पाहिलेल्या शिक्षकाचं, म्हणजे माझं. शेवटची तारीख ३० जून.

फॉर्मच्या घडीत एक कागद होता, पेन्सिलीने लिहिलेला. "हे काय गो?" म्हटलं. म्हणाली, "शिफारसपत्र, सर. मीच लिवून आणलंय. तुमी फक्त सही करा. आत्या म्हणाली, सरांना टाइम नसतो."

मी हसलो. तर पुढे म्हणाली, "आत्यानं सांगितलंय, स्वतःबद्दल चांगलं चांगलं लिवायचं, लाजायचं नाय. आत्या लाजली म्हणून तिचं गेलं. माझीच चूक झाली, असं सांगते ती."

कागद ठेवून जा, पत्र मीच लिहीन, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. ती उड्या मारत गेली.

अकरा वर्षं तू हेच धरून बसलीस का गो, की चूक तुझी होती?

तुला सगळं आठवत असेल, पण मला माझ्या तोंडाने सांगू दे. तू मुंबईहून एम.एस्सी. करून आली होतीस. तुझा प्रश्न साधा होता. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो, काकडांच्या आंबट फळांचा रस घातला की खाज जाते. ती कशाने जाते? आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या बायकांना नुसतं हाताळून कसं कळतं, की या रानातल्या शेवळांना काकडं जास्त लागतील आणि त्या रानातल्यांना कमी? बारा गावांतल्या बायकांना विचारून तू वही भरली होतीस. मी वही चाळली आणि म्हटलं, छान.

मग तू पत्राचं काढलंस. माझ्यासमोर पेपरांचे गठ्ठे होते. मी म्हटलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." सगळे तेच करायचे, अजून करतात. तू दारात घुटमळलीस. "सर, मी माझ्याबद्दल कशी लिवू?" मी मान वर न करता म्हटलं, "जे खरं आहे ते लिही."

आणि तू खरं लिहून आणलंस. तुझं इंग्रजी अडखळतं. आवणीच्या दिवसांत तू घरी जातेस, त्यामुळे हजेरी कमी भरते. झाडं तुला ओळखता येतात, पण ही माहिती तुझ्या गावातल्या बायकांची आहे, तुझी स्वतःची नाही. शेवटी एक ओळ, की विद्यार्थिनी प्रामाणिक असून संधी मिळाल्यास प्रयत्न करील. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली, वर माझं नाव, हुद्दा, सगळं नीट.

ऑगस्टमध्ये मुलाखत झाली. तू परत आलीस ती थेट मला भेटायला. मुरबाडच्या गाडीला वेळ होता, म्हणून आपण एस.टी. स्टँडवर उभे राहून बोललो. तू सांगितलंस, "मधले साहेब म्हणाले, तुमचे सरच लिहितात की माहिती तुमची नाही, मग यात तुमचं काय?" मी विचारलं, "तू काय म्हणालीस?" तू म्हणालीस, "बरोबर आहे म्हटलं. मीच लिवलेलं ना, सर."

तेव्हा मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "इंग्रजीची तयारी कमी पडली तुझी." गाडी लागली, तू खिडकीतून हात केलास. पुढच्या वर्षी बी.एड.ला गेलीस आणि शाळेत लागलीस. तुझी वही त्यानंतर मी पाहिली नाही.

भिमी, त्या दिवशी मी घाईत होतो. चारच्या टपालाला पाकीट जायला हवं होतं. तो कागद न वाचता मी सही केली.

रविवार, १८ जून

काल इथे थांबलो. सकाळी चहा घेता घेता वरचं सगळं वाचलं. हकीगत खरी आहे, शेवटचं वाक्य खोटं आहे. पान फाडणार होतो. मग म्हटलं राहू दे, कबूल करायला बसलेला माणूससुद्धा कशी पळवाट काढतो ते भिमीला दिसू दे.

मी तो कागद वाचला होता. दोनदा वाचला होता.

पहिल्यांदा वाचून मला हसू आलं, पोरगी स्वतःचीच तक्रार घेऊन आलीय. दुसऱ्यांदा वाचताना त्या बायकांच्या ओळीवर थांबलो. ही ओळ तुला बुडवणार हे मला तिथेच कळलं. एवढी वर्षं नोकरी केली होती, समितीतली माणसं कागद कसा वाचतात हे मला ठाऊक होतं. तू शिफारसपत्राच्या छापील नमुन्याच्या दोन कोऱ्या प्रती आणल्या होत्यास, एखादी चुकली तर असावी म्हणून. दुसरी माझ्या खणातच होती. नव्याने लिहिणं अर्ध्या तासाचं काम होतं, आणि चारला अजून दीड तास होता.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. एकाहत्तर साली मीही असाच अर्ज केला होता. भातावरच्या करप्याचा विषय, तोही माझा नव्हे, माझ्या सरांनी दिलेला. मुलाखतीत समितीने विचारलं, यात तुमचा प्रश्न कोणता? मला सांगता आलं नाही. घरी आलो, इथे नोकरीला लागलो, आणि मुंबईच्या लोकांना खेड्यातल्या पोरांची किंमत नाही, असं वर्गात सांगत राहिलो. तुलाही सांगितलं असेल.

माझ्या ताटात जन्मभर शेवळांची भाजी वाढली गेली. आधी आईने वाढली, मग मालूने. मी वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस, दरवर्षी खायचो आणि हात धुवायचो. काकडं कशाला घालतात हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. तुला वाटलं. तुझी वही चाळून मी छान म्हटलं ना, तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. तो कागद समोर आला आणि मनात आलं, मला मिळालं नाही, हिला कशाला मिळायला हवं? एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी दोन दिवस शोधतोय, पण सापडत नाही.

वर मनाची समजूत घातली, की खोटं काय आहे यात, तिनेच तर लिहिलंय. सही केली. आणि पाकीट चिकटवताना मला बरं वाटलं, भिमी. हे वाक्य लिहायलाच मला इतकी वर्षं लागली.

स्टँडवर तू "मीच लिवलेलं ना, सर" म्हणालीस, तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. त्याच आठवड्यात मुंबईला पत्र टाकलं असतं तरी चाललं असतं, निकाल लागायचा होता. मी उलट तुझ्याच इंग्रजीवर ढकललं. त्यानंतर दर दिवाळीला तुझ्याकडून वरी येते. पिशवीत चिठ्ठी असते, "पूज्य सर" अशी सुरू होणारी. पहिल्या वर्षी ताटातली वरी तशीच ठेवून उठलो. दुसऱ्या वर्षीपासून ताट पुसून खाल्ली. माणूस कशालाही सरावतो.

मालूला आज सांगितलं. ती काकडं ठेचत होती. हात थांबवून म्हणाली, "आनि तिची वरी खात रायलात?" भाजी केली, मला वाढली, आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या दारी जाऊन बसली.

तुझ्यासाठी आता काही होईल का, हे मी शुक्रवारी संस्थेत फोन करून विचारलं. वयाची अट अठ्ठावीसची आहे. तिकडच्या बाई चांगल्या बोलल्या, दोनदा तपासून सांगितलं, पण तू चौतिसाची आहेस. तेव्हा तुझं गेलेलं मला भरून देता येणार नाही. हे पत्र म्हणजे भरपाई आहे असं समजू नकोस, तसं समजायची मलाही मुभा देऊ नकोस.

राहिली दामिनी. तिचं पत्र मी लिहिलंय, माझ्या हाताने, माझ्या मोडक्या इंग्रजीत. तीन कागद फुकट गेले. त्यात लिहिलंय की ही मुलगी रानातल्या बायकांकडून शिकली आहे, त्यांच्याकडून शिकता येणं हीच तिची सगळ्यात मोठी तयारी आहे, आणि ती आमच्यापैकी कोणाजवळ नाही. दुसरं असं लिहिलंय की शेवळं आणि काकडांचा प्रश्न पहिल्यांदा तिच्या आत्याने, माझ्या विद्यार्थिनीने, १९९५ साली मांडला, आणि बारा गावांची वही तिच्याकडे आहे. ती वही अजून आहे ना गो? कोठारात असेल तर काढ, उंदरांच्या आधी दामिनीच्या हातात पडू दे. पेन्सिलीचा तिचा कागद परत पाठवतोय. छान लिहिलंय पोरीने, तू सांगितलंस तसं, लाज न धरता. फक्त ते लिहायचं काम तिचं नव्हतं आणि तुझंही नव्हतं.

आता निवाडा तुझ्याकडे. माझी सही तुझ्या भाचीच्या कागदावर नको वाटत असेल, तर माझं पत्र चुलीत घाल. प्रियांका मॅडमशी बोलून ठेवलंय. दामिनीने त्यांच्याबरोबर दोन पावसाळे रानात काम केलंय, त्या एका दिवसात पत्र देतील. कारण त्यांना सांगितलेलं नाही, तू म्हणालीस तर सांगेन. दामिनीला काय सांगायचं तेही तूच ठरव. ती विचारायला आली तर मी नाही म्हणणार नाही. सोमवारी टपालात टाकतोय, म्हणजे बुधवार-गुरुवारपर्यंत तुला मिळेल आणि हातात आठवडा राहील.

नियम असा आहे की शिफारसपत्र बंद पाकिटात द्यायचं आणि चिकटवलेल्या जागेवर शिक्षकाने सही करायची, म्हणजे विद्यार्थ्याला आत काय आहे ते दिसू नये. सोबतच्या पाकिटावर मी सही करून ठेवली आहे, पण ते चिकटवलेलं नाही. आधी तू वाच, शब्द न् शब्द वाच. मग चिकटवायचं की नाही ते बघ.

या दिवाळीला वरी पाठवू नकोस.

हे पत्र आणि दामिनीचं पत्र, दोन्ही मी स्वतः लिहिली आहेत आणि वाचून सही केली आहे. मागच्या वेळीही वाचूनच केली होती.

वाल्मिक