बेंबीत भरलेली वेल

५ मार्च
पोचलो एकदाचे! होडी धक्क्याला लागली तेव्हा सासूबाई, एउसेबिया, छत्री घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्याच होत्या. यामिलला माझ्या हातून घेतलं ते घरी येईपर्यंत परत दिलं नाही. युबेर, माझा नवरा, वर सोन्याच्या खाणीवर आहे. तो महिनाअखेरीस येईल. तोवर आम्ही दोघी आणि हे चार दिवसांचं पिल्लू. घर लाकडी खांबांवर, हवेशीर. नारळाच्या रसातला मासा आणि तळलेली हिरवी केळी अशी चापून जेवले की बाळंतपणाचा शीण गेला. मागच्या भिंतीवर ग्वाकोची वेल चढली आहे, बारीक पांढऱ्या फुलांचे झुबकेच्या झुबके. सासरे हिच्या पानांनी सापाचं विष उतरवायचे म्हणे. छान वाटतंय इथे.

७ मार्च
नाळ आज-उद्या पडेल. इकडची रीतच आहे, ओल्या बेंबीत जे भरावं त्याचा गुण पोराला जन्मभर लागतो. बेंबी कशाने भरायची यावरून सासूबाईंशी वाजलं. मी किब्दो शहरातून येताना चिमूटभर सोन्याची भुकटी आणली आहे. लेकाच्या हातात पैसा खेळावा, एवढीच इच्छा. त्या म्हणाल्या, “युबेरची बेंबी मी सोन्यानंच भरली होती गं. बघ, कुठे आहे तो! कंबरभर चिखलात.” त्यांना ग्वाकोच हवी, म्हणजे साप पोराच्या वाटेला जाणार नाही. मी म्हटलं, माझ्या पोराला साप धरायला बसवायचं नाही, शहरात शिकवायचंय. त्या हसल्या. हे हसणं माझ्या डोक्यात जातं.

९ मार्च
दगा दिला म्हातारीने! नाळ पडली आणि मी नदीवर अंघोळीला गेले, तेवढ्यात कार्यभाग उरकला. येऊन बघते तर बेंबीत हिरवागार लगदा. पूडसुद्धा नाही! शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, बेंबीत भरायचं ते आधी मारायचं, वाळवायचं, कुटायचं, मग भरायचं. जिवंत काही कुणी भरत नाही. विचारलं तर उलट मलाच सुनावलं, वाळवत बसले असते तर तू परत आली नसतीस का! तळपायाची आग मस्तकात गेली. कोयता उचलला आणि वेल बुंध्यापासून तोडली. बरं वाटलं.

१० मार्च
यामिल तापाने फणफणलाय. दूध ओढत नाही. बेंबीतून चिकट पाणी येतंय, त्याला वेलीचा वास. आरोग्यकेंद्राला कुलूप. नदीला पूर, होडीवाला म्हणतो, पाणी उतरल्याशिवाय नाव काढू नका. फोनला रेंज नाही. कपाळ बडवून घ्यावंसं वाटतंय. सासूबाई मात्र वेलीच्या खुंटाशी बसून त्याला पाणी घालत होत्या. संध्याकाळी खुंटाला कोंब फुटला आणि ताप उतरला. योगायोग, दुसरं काय.

१२ मार्च
वेल खिडकीतून आत आली आहे. पाळण्याच्या दिशेने. मी शेंडा खुडला, नुसता शेंडा, आणि यामिल किंचाळला. पुन्हा खुडला. पुन्हा तेच. बेंबीतून रक्ताचा थेंब आला. मी आई आहे, आणि तरी मी तिसऱ्यांदा खुडून पाहिला.

सासूबाईंनी कोयता हिसकावला. मग विचारलं, तुझी बेंबी कशाने भरली होती. आजी सांगायची ते सांगितलं. पानं तोडून नेणारी मुंगी, कुटून. पोरगी कष्टाळू व्हावी म्हणून. सासूबाई मटकन खाली बसल्या. पहिल्यांदाच हसल्या नाहीत.

१३ मार्च
कोयता नदीत फेकला. मी स्वतः. तरी हात शिवशिवतात. वेल बघायचीच नाही म्हणून पाठ करून बसते, आणि भानावर येते तेव्हा नखं हिरवी झालेली असतात. उशीखाली पानांचे तुकडे सापडले. कडा गोल, नीट कातरलेल्या. मी कधी आणले? यामिलचे ओठ पांढरे पडलेत.

सासूबाईंना म्हटलं, मला शेजारी कोंडून ठेवा. त्या म्हणाल्या, मग पाजणार कोण? वरचं दूध तो थुंकतो. जावं तरी पंचाईत, राहावं तरी पंचाईत. युबेर, तू कुठे मेलायस!

१४ मार्च
भिंतीवर एकही पान राहिलं नाही. मीच. आठवत नाही, पण मीच — पोर निपचित पडलंय. श्वास आहे. सासूबाई माझ्याकडे पाठ करत नाहीत.

खुंट काळा पडलाय. पाणी घातलं, काही नाही. आता वेल कुठेच नाही. मग तो जगतोय कशावर —

१५
कळलं. लंगोट सोडताना दिसलं. बेंबीतून कोंब आलाय. दोन पानं, अजून मिटलेली. वेल संपली, तीच आता त्याच्यात — तो श्वास घेतो तशी हलतात.

सासूबाईंना सांगितलंय, माझे हात बांधा. त्या दोर आणायला गेल्यात. लवकर या म्हणावं. यामिल भुकेने रडतोय, जवळ घ्यावंच लागेल. घेतलंय. एका हाताने लिहितेय. दुसरा हात मांडीखाली दाबून ठेवलाय, तो काही करणार नाही. हात बांधले की झालं.

सासूबाई, दोर हातांना पुरेल, पण — तोंडाला पाणी सुटलंय — किती कोवळं आहे, किती कोव