मलिद्याचं ताट

इझिकेलदादा,

तू लिहून पाठवलेलं निवेदन वाचलं. 'कोचने व्हिटॅमिन म्हणून इंजेक्शन दिलं, मला काहीच माहीत नव्हतं.' खाली माझ्या सहीसाठी जागाही सोडलीस. मी सही करणार नाही.

मला सगळं माहीत होतं. ते बंदी असलेलं, ताकद वाढवणारं औषध मीच मागवलं आणि इथे हॅलिफॅक्सला, माझ्या बेसमेंटमध्ये, स्वतःच्या हाताने टोचून घेतलं. बिचाऱ्या जेफ्री कोचला पत्ताही नव्हता. सरावाला माझी सायकल निघावी म्हणून तो माणूस पहाटे माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसायचा, आणि मी त्याच्यावर खापर फोडू?

सायकलिंगचं नॅशनल टायटल गेलं, जर्सी परत केली. पण त्याआधीची नऊ वर्षं मी औषधाशिवाय, नुसत्या पायांवर जिंकले, आणि त्याबद्दल मी कुणापुढे मान खाली घालणार नाही.

मी चॅम्पियन व्हावं म्हणून आईने आपल्या बेने इस्राएलींच्या रिवाजाप्रमाणे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस केला होता. तो फेडताना गोड पोह्यांचा मलिदा तूच वाटलास. आता 'पोरीला कोचने फसवलं' असं तू तिला सांगितलंस, आणि माझ्यावरचा डाग जावा म्हणून ती रविवारी टोरंटोत पुन्हा मलिदा करतेय.

मी येतेय. हे पत्र मात्र पाठवत नाही, नाहीतर तू आधीच तिचे कान भरशील. गोड पोह्यांचं ताट पुढे आलं, की सगळ्यांसमोर मीच तिला खरं सांगेन. मग तिने घास दिला तर खाईन, नाही दिला तर उपाशी परतेन. खोट्या विजयाचा मलिदा मी एकदा खाल्लाय, दादा. पुन्हा नाही खाणार.

सही इथे करतेय,
सारिना