ढगासारखी मऊ, चांदण्यासारखी शांत

तीर्थरूप मामांस भाच्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकत असेल, मामींचा खोकला गेला असेल. मीही ठीक आहे, झोप सोडली तर. (गादीच्या दुकानातल्या माणसाला झोप लागत नाही, हे कृपया बाहेर बोलू नये.)

तुम्ही सुचवलेल्या मुलीबद्दलचं पत्र पुन्हापुन्हा वाचलं आणि शंका आली. ती म्हणे ‘चांदण्यासारखी शांत’. पुढे ‘असं स्थळ पुन्हा येतं का?’ आणि वर ‘घर सांभाळेल, तुला सांभाळेल, मलाही सांभाळेल’. मामा, ही हत्यारं माझ्या रोजच्या वापरातली आहेत. शेठजींनी पाट्या लिहायचं काम माझ्याकडे दिलं आहे (शिक्षण अर्धवट, पण शुद्धलेखन पक्कं). चांगल्या गादीवर मी नुसती लांबी-रुंदी लिहितो. जिची स्प्रिंग मोडली आहे तिच्यावर लिहितो, ‘ढगासारखी मऊ! राबणाऱ्या पाठीला एवढंही सुख नको? लोळा, पसरा, विसरा!’ तीच आधी खपते. म्हणून विचारतो, मुलीत नेमकं काय मोडलं आहे?

त्यात काल दुकानात चष्मा लावलेली एक तरुणी आली. आधी तिने पाटी वाचली, मग मला आपादमस्तक न्याहाळलं. समोरच्या दुकानाने पाठवलेली हेर, मी मनात म्हटलं.

“ढगासारखी? मग स्प्रिंग कुठली गेलीय?”

खोटं मला लिहिता येतं मामा, बोलता येत नाही. “डावीकडची,” मी म्हणालो. आतून शेठजी ओरडले, “अरे शहाण्या!” ती हसली आणि काहीही न घेता निघून गेली. हेरच ती, दुसरं कोण?

असो. दिवस सावध राहण्याचे आहेत, तेव्हा त्या स्थळाला नकार कळवावा.

तुमचा (शंकेखोर नव्हे, सावध) भाचा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच ती पुन्हा आली. म्हणाली, “तुमच्या मामांनी आमच्याकडे लिहिलंय, मुलगा समुद्रासारखा गंभीर आहे. म्हटलं, काय मोडलंय ते बघून यावं.” मी सांगितलं, काळजी फार करतो. “चालेल. मीही शांतबिंत नाही हं, आधीच सांगते,” म्हणाली. वरचा नकार रद्द समजावा. माझा होकार कळवा. एका ओळीत, उपमा न घालता.

आणखी एक ता. क. तिचा होकार आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. तेव्हा एका ओळीत नको. समुद्र ठेवा, जमल्यास एखादा पर्वतही घाला.