सरकीची खोली यंत्राला देऊ नये म्हणून

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक साहेब,
पूर्णाकाठ सहकारी जिनिंग मंडळ, अमरावती.

विषय: ट्रंककॉलवरून सभा घेण्याचे यंत्र निवडणे व सरकीच्या खोलीचा फेरविचार.
संदर्भ: आपले गेल्या मंगळवारचे पत्र.

महोदयांच्या सेवेशी,

१. टेलिफोनवरचे बोलणे सर्वांना एकदम ऐकू यावे व सर्वांचे बोलणे अमरावतीस पोहोचावे, यासाठी दोनपैकी एक यंत्र निवडून कळवावे, अशी आज्ञा झाली. दोन्ही यंत्रे अचलपूर शाखेत लावून पाहिली. टेबलावरची पेटी आवाजाला गोड आहे. मंडपवाले खुशालराव यांचा कर्णा खरखरतो. तरीही माझी शिफारस कर्ण्यालाच आहे.

२. पहिली सभा आपण पेटीवरून घेतली. जिनातल्या बायांना विचारले की, लेकरांसाठी पाळणाघर हवे काय? अमरावतीस कोणाचाच आवाज आला नाही, म्हणून आपण 'मागणी नाही' असा शेरा मारला. साहेब, सरकी काढणारा जिन धडधडत असताना शेजारणीचेही बोलणे ऐकू येत नाही. पाणी आणा, ओझे उचला, थांबा, सारे हातानेच सांगतात. होय म्हणजे हात वर. सभेपुरता जिन बंद होता, सवय बंद नव्हती. एकूणएक बाईचा हात वर होता. मीही जिनातूनच कारकुनीत आलो, माझाही वर होता. घोटाळा ध्यानात येऊन पेटीकडे धावलो, तोवर तीन मिनिटे संपून कॉल तुटला होता.

३. जिनातली मैनाबाई रोज विचारते, "माहा हात त सगळ्याईच्या आंधी वर होता. साहेबाले काऊन दिसला नाई?" तिचे लेकरू जिनाशेजारी झोळीत असते आणि खोकून खोकून निळे पडते. मला ते पाहवत नाही.

४. आता आपले पत्र म्हणते, पाळणाघर नको असल्याने सरकीची रिकामी खोली यंत्राला द्यावी, कारण पेटीला धूळ सोसत नाही. हे वाचून माझे डोके फिरले. कर्णा आजवर लग्नाच्या मांडवात धुळीतच वाजला. तो माझ्या टेबलाच्या वर टांगावा, खरखर मी सोसेन. खोली लेकरांना द्यावी.

५. येत्या शनिवारच्या बैठकीत आपला शेरा कायम होईल. त्याआधी पुन्हा कॉल लावावा. बायांना मोठ्याने बोलायला शिकवतो आहे, परंतु साहेबांचा आवाज आला की तोंडे मिटतात आणि हात वर जातात. म्हणून प्रत्येकीला रिकामा डबा व चमचा देणार आहे. खडखडाट झाल्यास होकार समजावा. तेही मान्य नसेल तर स्वतः यावे आणि दारात उभे राहून नुसते पाहावे. मी आपणांस हात जोडतो. जोडलेले हातही तिकडे ऐकू येणार नाहीत, म्हणून लिहून कळवतो आहे.

आपल्या आज्ञेतला, पण एवढ्या एका गोष्टीत हट्टाला पेटलेला,
सूर्यभान पुंजाजी तायडे
कारकून, अचलपूर शाखा
दि. १४ डिसेंबर १९६३

सोबत:
१) दोन्ही यंत्रांची दरपत्रके.
२) कागदाच्या पुडीत कापसाचे तंतू. मैनाबाईच्या लेकराच्या नाकातून आज सकाळी काढलेले.