भैरवीच्या अलीकडे

७ ऑक्टोबर, मंगळ.
काल कोजागरीची बैठक. देवळामागची तीच खोली, तीसेक माणसं, गुडघ्याला गुडघा. दूध दीड लि. जादा, ते देवळाच्या खर्चात. वेलची घरची.
मंडळाचे गाणारे अण्णा अभंगाचा दुसरा चरण विसरले. एक्याऐंशीवं चालू आहे, एखादा चरण जायचाच. पण मी खांबाशी बसते, पेटीच्या अंगाला. तिथून ह्यांची बोटं दिसतात. चरण यायच्या आधीच ह्यांनी तो पेटीवर हळू वाजवला. अण्णांनी ऐकला आणि मग म्हटला.
एकदा नव्हे. बैठकभर.
लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून ऐकत आल्ये, पेटीने गळ्याच्या मागून जायचं. पुढे गेली ती पेटी कसली!

९ ऑक्टो., गुरु. उपास.
हे जेवायला बसले तेव्हा विचारलं, अण्णांना आठवत नाही का? आमटीत चमचा फिरवत म्हणाले,
"शब्द जातात गो त्याचे. सूर नाही गेला. मी आधी वाजवलं की त्याला सापडतात."
कधीपासून? तर म्हणे पावसाच्या आधीपासून. घरी सुनेला माहीत नाही, मंडळात कोणाला नाही.
"कळलं की गाणं काढून घेतील. मग मिरजोळ्याला घरी टीव्हीसमोर बसवून ठेवतील दिवसभर. तुझ्या तोंडून अक्षर जाता नये. शपथ घे."
म्हटलं शपथ नको. गप्प बसेन.

१६ ऑक्टो., गुरु.
चकलीची भाजणी. उषाताई शेजारून परात मागायला आल्या. परात हातात घेऊन उभ्याच.
"आमच्याकडे बोलणं चाललं होतं हो. दिगंबरभाऊंची पेटी हल्ली फार पुढे पुढे करते. अण्णांना गाऊच देत नाहीत. वयामुळे हात थांबत नसेल, नाही का?"
मी म्हटलं, असेल.
भाजणी खालून लागली. अर्धी वाया. ती जोंधळ्याच्या पिठात मिसळून थालीपिठाला घ्यावी.

६ नोव्हें., गुरु.
काल त्रिपुरी पौर्णिमेची बैठक. आता खांबाशी बसायची गरज नाही, दारातल्या माणसाला कळतं पेटी पुढे जाते ते. मागे कोणीतरी चुकचुकलं. ह्यांचे कान लाल झाले, बोटं थांबली नाहीत.
आज मंडळाचे चिटणीस सुहासराव आले. कोकम सरबत नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं.
"काका, राग मानू नका. दत्तजयंतीच्या बैठकीला बाहेरचे लोक येतात. या खेपेला पेटीवर देवरुखच्या स्मिताताईंना बसवू. तुम्ही पुढे बसा, मानाने ऐका."
हे म्हणाले, "बरं."
एवढंच. मी स्वैपाकघराच्या दारात. एका वाक्याचं काम होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.
ते गेल्यावर म्हटलं, अहो, तुमचं नाव जातंय चारचौघांत.
"जाऊ दे. माझं गेलं तर पेटी जाईल. त्याचं गेलं तर..."
पेटी पुसली, खोळ घातली.
गप्प बसणं हे खोटं बोलण्यात धरतात का, हे दत्तापुढे विचारलं. वात सरळ जळत होती, काही कळलं नाही.

२० नोव्हें., गुरु. उपास.
हे स्वतः एस.टी.ने देवरुखला जाऊन आले. स्मिताच्या क्लासवर. कारण न देता एवढंच सांगितलं, अण्णांच्या थोडी पुढे राहा.
ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "काका, एवढ्या मोठ्या माणसाच्या पुढे मी कशी जाऊ? मी अगदी मागे राहीन, तुम्ही काळजीच करू नका."
गुणी मुलगी. गुणीच असायला नको होती.
हे येऊन पायरीवरच बसले. दम लागला होता. म्हणतात चढाचा.

५ डिसें., शुक्र.
काल दत्तजयंती. पाळणा झाला, मग बैठक. खोली गच्च. मी खांबाशी. हे पुढे, मानाच्या जागी, मांडी घालून.
स्मिता काय सुंदर वाजवते. म्हटल्याप्रमाणे मागे, अदबीने. अण्णांनी पहिला चरण घेतला. परत तोच. परत तोच. मग थांबले. तीही थांबली, ते घेतील म्हणून वाट बघत. तेवढ्याशा खोलीत माणसाने बघायचं तरी कुठे? अण्णांच्या गळ्याची शीर हललेली दिसत होती.
ह्यांची बोटं मांडीवर चालत होती. अण्णा त्या बोटांकडे बघत होते. पण मांडीवर वाजवलेलं ऐकू कसं येणार!
मग अण्णांनी डोळे मिटले आणि भैरवी धरली.
पाव तास नसेल झाला बैठकीला. शब्द नाही, नुसता सूर. असे गायले की उषाताईंनी पदर डोळ्याला लावला. पण भैरवी ती भैरवी. तिच्यानंतर कोणी गायचं नसतं. लोकांनी हात जोडले, एकेक उठले. सुहासराव गडबडले, सुंठवडा वाटा म्हणाले. मी वाटला. उषाताईंनी घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही.
पायरीवर स्मिता. "काकू, मी मागेच होते ना हो? माझं कुठे चुकलं?"
"नाही बायो. नाही चुकलं तुझं."
आत अण्णा ह्यांचा हात धरून विचारत होते, "दिगू, माणसं उठली का रे? अजून सुरू कुठे केलंय मी?"

११ डिसें., गुरु.
मंडळाचं ठरलं. अण्णांना शाल-श्रीफळ, आणि इतःपर त्यांना त्रास द्यायचा नाही. त्रास हा शब्द सुहासरावांचा. अण्णांच्या मुलाने आभार मानले म्हणे.
सुहासराव हेही म्हणाले, काका, आमचं चुकलं, पुढल्या पौर्णिमेपासून पेटी तुमचीच.
"कोणाच्या मागे वाजवू?" हे म्हणाले. ते सरबत पिऊन गेले.
मी गप्प राहिले म्हणून असं झालं, की बोलले असते तर महिनाभर आधी झालं असतं? सकाळपासून डोक्यात तेच. देवळात रुद्राची एकादष्णी झाली तेव्हा विचारायचं होतं गुरुजींना, राहिलं.

२२ डिसें., सोम.
अण्णांची सून कामावर जाताना स्कूटरवरून त्यांना आमच्याकडे सोडते. दुपारभर. तिचीही सोय, तिला दोष नाही. एक भाकरी जास्त, त्याचं काही नाही.
ओटीवर पेटी निघते. आता लपवायचं कोणापासून? हे उघड पुढे वाजवतात, अण्णा मागून येतात. मी तांदूळ निवडते. ऐकणारी मी आणि पायाशी मांजर. देवळातल्याहून लहान बैठक.
मध्येच अण्णा भैरवीकडे वळतात. वळले की हे लगेच पेटीवर दुसरंच काही काढतात, अण्णा पोरासारखे त्यामागे जातात. आज दोनदा झालं.
विचारलं, गाऊ का देत नाही? तेवढी एकच तर पुरी येते त्यांना.
"भैरवी झाली की उठायचं असतं. तो एकदा उठला की परत बसायचा नाही."
भाता ओढताना ह्यांना धाप लागते. डॉक्टरकडे चला म्हटलं की खोळ शोधायला लागतात.

३ जाने., शनि. पौष पौर्णिमा.
हे अकराला सिव्हिलमध्ये गेले, छातीचा फोटो काढायला. शेवटी गेले. सुहासराव बरोबर आहेत. जेवण झाकून ठेवलंय.
देवळात आज दुपारचीच बैठक, चिपळूणचे कोणी गायला. पेटीवर स्मिता. मी गेले नाही. जाणार कशी, अण्णा इथे.
अण्णा ओटीवर पेटीसमोर बसून. "दिगू कुठे?"
येतील आता.
थोड्या वेळाने परत, "वहिनी, दिगू कुठे गो?"
येतील.
चारला फोन वाजला. सुहासराव. म्हणाले, काकू, डॉक्टर अजून एक तपासणी करू म्हणतात, आज ठेवून घेतील बहुधा, घाबरू नका. मी बरं म्हटलं. ह्यांच्यासारखंच.
फोन ठेवला आणि ओटीवरून सूर आला. भैरवी. पेटी खोळीत, आणि अण्णा डोळे मिटून एकटेच.
मला पेटी येत नाही. एवढ्या वर्षांत एक पट्टी दाबली नाही कधी. काय काढू दुसरं? धावत आत गेले, होता तो चहा ओतला, नीट गरमसुद्धा नव्हता, आणि त्यांच्या हातात कपच दिला.
"अण्णा, आधी चहा घ्या."
थांबले. कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"मी काय करत होतो, वहिनी?"
"काही नाही. सुरूच करत होतात," मी म्हटलं. देवा, हे खोटं मात्र बोलूनच झालं, गप्प राहून नव्हे.
"हां," अण्णा म्हणाले. "दिगू आला की करू."
चहा पिताहेत. पाच वाजत आले. सून सहाला येते. पेटीची खोळ काढून ठेवली आहे.