हातानं लावलेले बोल्ट

प्रिय भावजी,

मनगटाचं प्लास्टर अजून चार आठवडे ठेवावं लागेल. भिजवू नका, आणि खाज सुटली म्हणून आत पट्टी घालून खाजवू नका. काळजीचं एवढंच होतं, ते लिहून झालं. बाकीचं पत्र काळजीचं नाही.

त्या दिवशी तुमचा एक्स-रे मीच काढला. चौदा वर्षं मी हेच काम करते, तेव्हा तुमचा हात प्लेटवर कसा ठेवायचा हे मला तुम्ही सांगायची गरज नव्हती. पण तुम्हाला गप्प बसवत नव्हतं. हाडांचे डॉक्टर दारात उभे होते आणि तुम्ही त्यांना हसत हसत सांगत होतात, "दादानं गाडीला भंगारातले पार्ट बसवले होते हो. स्वतः गेला, जाता जाता मलाही घेऊन चालला होता." डॉक्टर हसले नाहीत. मी शिशाच्या पडद्यामागे गेले आणि बटण दाबलं. तुमच्या दादाला जाऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते.

तेच वाक्य तुम्ही आईंना सांगितलंत. तेच डेपोत जाऊन दादाच्या फोरमनला सांगितलंत. वीस वर्षं ज्या माणसाच्या हातून गेलेली बस कधी वाटेत बंद पडली नाही, त्याच्याच डेपोतल्या लोकांना तुम्ही सांगून आलात की त्याचं काम कच्चं होतं. आई आता कोणी भेटायला आलं की म्हणतात, "माझ्या थोरल्याचं चुकलंच. धाकटा थोडक्यात वाचला." म्हातारपणी स्वतःच्या गेलेल्या मुलाला नावं ठेवायची वेळ तुम्ही त्यांच्यावर आणलीत. मी शेजारी बसून ऐकते. मी कमी बोलते म्हणून मला काही कळत नाही, असा समज तुमच्या घरात पहिल्यापासून आहे.

भंगार म्हणालात ना? ते भंगार कुठून आलं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. ती तुमच्या वडिलांची चार दारांची गाडी. तिला आपण सगळे म्हातारी म्हणायचो. तुम्ही तिच्यात गाडी चालवायला शिकलात आणि तिच्यातूनच माझं सामान या घरात आलं. ती मोडीत काढायची ठरली तेव्हा ह्यांनी तिचा पुढचा भाग सोडवून ठेवला. चाकांना गाडीशी जोडणारे दोन्हीकडचे आर्म, चाकाचे हब, मोठे ब्रेक, सगळं गोणपाटात गुंडाळून आमच्या पलंगाखाली. चार वर्षं मी त्या गोणपाटाभोवतीनं केर काढला. एकदा म्हटलं, यांना उशी देऊ का? तर हे गंभीरपणे म्हणाले, "नको, त्यांना सवय नाही."

हे सगळं कशासाठी, तर तुम्हा दोघांच्या त्या दोन माणसांच्या गाडीसाठी. आई तिला चप्पल म्हणायच्या, इतकी ती जमिनीला चिकटलेली. वजनाला हलकी, पळायला वाऱ्यासारखी, पण तुम्ही वळणावर जशी घालता तशी घातली की पुढून डोलायची. म्हातारी त्याच कंपनीची, तिचे आर्म जाड आणि ब्रेक मोठे, थोडं घासून बसवले की चपलेला बसतात, असा ह्यांचा हिशेब. आठ महिने दर रविवारी हे शेडमध्ये आडवे असायचे. तुम्ही किती वेळा आलात? मी मोजलंय. तीनदा. एकदा तुम्ही दारात उभं राहून चहा प्यालात आणि स्प्रिंग कोणता घ्यावा ते सांगून गेलात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. हे मात्र नंतर आठवडाभर म्हणत होते, "बारक्याचं बरोबर आहे, थोडी कडक स्प्रिंग हवी." तुमचं काहीही त्यांना बरोबरच वाटायचं. तुम्ही वळणावर सावरावं म्हणूनच तो माणूस पाठ मोडून घेत होता.

आता बोल्टचं. अपघातानंतर गाडी ओढून आपल्या शेडमध्ये आणून टाकली, त्यानंतरच्या रविवारी मी डेपोतल्या फोरमनना बोलावलं. ते अर्धा तास खाली होते. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "वहिनी, एकही पार्ट तुटलेला नाही. डाव्या चाकाच्या खालच्या आर्मचा बोल्ट निसटलाय. उजवीकडचा नट मी बोटांनी काढला." पार्ट तुटला नाही, भावजी. पुन्हा वाचा. जुना पार्ट तुटला नाही.

ते बोल्ट आवळलेलेच नव्हते, कारण ते आवळायची वेळ आली नव्हती. आर्मच्या मुळाशी रबराचे बुश असतात. गाडी उचललेली, चाकं लोंबकळती, अशा वेळी बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर ते रबर पिळलेलंच राहतं आणि चार महिन्यांत फाटतं. म्हणून आधी नुसते हातानं लावायचे, गाडी तिच्या वजनानिशी चाकांवर उभी करायची आणि मगच आवळायचे. मला हे समजावताना हे म्हणाले होते, "उभ्या माणसाचा पट्टा गच्च आवळायचा आणि मग त्याला जेवायला बसवायचं, तसं होतं ते." मला कळलं. तुम्हाला तर वडिलांनी आणि दादानं दोघांनी शिकवलं होतं.

पिवळी रेघही तुम्हाला वडिलांनीच शिकवली. बोल्ट शेवटचा आवळून झाला की नटावरून बोल्टच्या टोकावर एक पिवळी रेघ ओढायची. रेघ नसेल तर काम बाकी आहे. तुमच्या घरात वाक्यच होतं, पिवळं दिसलं की झोपा. गाडी नेण्याआधी तुम्ही तिच्याखाली डोकं घातलंत, पिवळं दिसलं, आणि तुम्ही झोपलात. ते पिवळं म्हातारीवरचं होतं. अकरा वर्षांपूर्वी ह्यांनीच म्हातारीला ओढलेल्या रेघा. बोल्ट चांगले होते म्हणून तेच घेतले, जुने नट तात्पुरते चढवले. नव्या नटांचं पाकीट टेबलावर न फोडता पडलं होतं, तेही तुम्ही पाहिलं नाहीत. आणि रेघ पाहायची म्हणजे रंग पाहायचा नसतो, जुळते का ते पाहायचं असतं. नटावरचा तुकडा एकीकडे होता, बोल्टवरचा दुसरीकडे. मी रोज हाडांमधल्या केसाएवढ्या रेघा शोधते. ही मला बॅटरीच्या उजेडात उभ्याउभ्या दिसली.

रेघेवर विसंबून तुम्ही गाडी काढलीत हे मी सांगितलं, तेव्हा फोरमन म्हणाले, ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. दुसऱ्या मेकॅनिकला पिवळ्या रंगाचं काय? त्यानं पाना लावून बघितलं असता. दादाच्या रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवणारे तुम्ही एकटेच. हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. इतका विश्वास होता, तर मग चाक निखळल्यावर पहिलं बोट त्याच्याकडेच कसं गेलं? माझी चूक झाली, मी तपासलं नाही, एवढं म्हणायला काय लागत होतं? मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून खापर फोडायला त्याचं डोकं बरं सापडलं.

हे तीनदा लिहून फाडलं. दर वेळी इथपर्यंत येऊन मी खाली सही करत होते. आज पुढचं लिहिते.

तुम्ही पिवळं पाहिलंत हे मला फोरमननी सांगितलेलं नाही. त्यांना कुठून ठाऊक असणार? मी शेडच्या दारात उभी होते. तुम्ही खालूनच ओरडलात, "वहिनी, दादानं सगळं उरकून ठेवलंय बघा, पिवळं दिसतंय." आणि मला ठाऊक होतं की उरकलेलं नाही. ज्या दिवशी हे गेले त्या सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ते म्हणाले होते, "बारक्या आला तर सांग, पुढचे खालचे बोल्ट नुसते हातानं लावलेत. माझ्याशिवाय गाडी काढू नको म्हणावं." मी हो म्हटलं. दुपारी डेपोतून हे गेल्याचा फोन आला. ते माझ्याशी शेवटचं जे बोलले ते तुमच्यासाठीचा निरोप होता. माझ्यासाठी काहीच नव्हतं. दहा दिवसांनी तुम्ही चावी मागायला आलात तेव्हा तो निरोप माझ्या तोंडात होता, आणि मी तो गिळला. वाटलं, एकदा तरी यांनी आपलं आपण बघावं. नाही, तसंही नाही. मला तो तुम्हाला द्यायचाच नव्हता. मी चावी दिली. मग तीन दिवस तुम्ही गाडी फिरवत होतात आणि तीन दिवस फोन माझ्या हाताशी होता. तुमच्या मनगटाची फिल्म मी उजेडासमोर धरली तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तुम्ही ह्यांना नावं ठेवत होतात तेव्हाही मी गप्पच राहिले, कारण तुम्हाला खोटं पाडायचं तर मला आधी हे सांगावं लागलं असतं. उद्या सकाळी मी आईंना सांगणार आहे. त्यांच्या आधी तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र आज माणसाच्या हाती पाठवते आहे. मला माफ करा असं लिहीत नाही, कारण माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही आणि तुमचा माझ्यावरचा अजून सुरूही झालेला नाही. एकच करा. डेपोत जा आणि सांगा की दादाचं काम बरोबर होतं. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा.

ह्यांचा निरोप उशिरा पोचवणारी,
तुमचीच,
वहिनी